चाळीस मिनिटांचा डेमो

रविवारी रात्री साडेनऊला डेमो सुटणार होता,
आणि सोमवार म्हणजे उद्यमनगरची सुट्टी,
म्हणजे आमच्या फिडरवर सकाळी आठला लाईट जाणार,
हे त्या सातासमुद्रापलीकडच्या माणसांना
कुणी सांगायचं.

एकवीस जीबी.
भट्टीत रस तयार होताना बघत बसतात
तसा मी टक्के बघत बसलो.
करायचं काही नसतं, तरी लांब जाववत नाही.
इम्तियाजचा फोन, गांधीनगरातनं.
"किती झालं?"
"एकसष्ट."
"माझं चौऱ्याऐंशी. फायबर हाय भावा."
मग दोघंही गप्प, फोन चालूच.

सात वर्षं झाली दुसऱ्या भागाला.
तेव्हा त्याचं दुकान नव्हतं, मला चष्मा नव्हता,
एकाच कंट्रोलरवर खेळायचो,
मेलं की दुसऱ्याच्या हातात.
आणि आता ट्रेलरमध्ये नुसता एक हात दिसला, कंदील धरलेला.
तेवढ्यावर आम्ही मिरजकर तिकटीला, चहाच्या गाडीपाशी
पावणेदोन तास भांडलो
की कंदील डाव्या हातात का.

चार वाजून दहा मिनिटं. झालं.

आता सांगतो.
पाणी चांगलंय. पाण्याला तळ आहे.
आवाज असा, की हेडफोन काढून मी गॅलरीत जाऊन आलो,
खरंच कोण चालतंय का बघायला.
नकाशा नाही, बाण नाही, चुकलास तर चुकलास.
माणसं मात्र बोलतात तेव्हा ओठ आणि शब्द
वेगवेगळ्या एसटीनं आल्यागत.
घोडा म्हणजे टेबलच.

पण ते पहिलं दार.
ट्रिगर दाबला तर मध्येच अडला,
जरा जोर लावल्यावर गेला.
लेथवर टूल मालाला टेकतं तेव्हा
हँडव्हील बोटांना सांगतं ना, लागलं बघ,
अगदी तसं.
तेवीस वर्षं मी ते बोटांनी ऐकत आलोय.
कुठल्या कारागिरानं, कुठल्या तिकडच्या उद्यमनगरात,
प्लास्टिकच्या एवढ्याशा पोटात ते भरलं असेल?
दार उघडलं. लावलं. उघडलं.

संपदा उठून आली.
"रात्रभर दारच उघडाय लागलाईस व्हय?
आण हिकडं, मी बघतो."
तिनं ट्रिगर दाबला आणि हसली,
"आमच्या शिरोळच्या दाराचं असंच, पावसात फुगलं की."
मग तिच्याकडनं कॅमेरा आभाळाकडं गेला, आणि तिथंच राहिला.
मी पाच तासांत वर बघितलं नव्हतं.
"तारं नुसती उधळल्यात. सप्तर्षी कुठाय ह्यात?"
ही तक्रार कंपनीला कळवायला पाहिजे.

चाळिसाव्या मिनिटाला पूल येतो, अर्धाच बांधलेला.
पलीकडच्या काठाला एक माणूस, तुझ्याच अंगरख्यात,
तुझ्यासारखाच कंदील वर धरतो, उजव्या हातात.
तू एक पाऊल टाकतोस आणि काळोख.
फेब्रुवारीत, असं येतं.
खाली बारीक अक्षरांत:
डेमोतलं काहीही मुख्य खेळात पुढे नेता येणार नाही.

मी तीनदा पुलापर्यंत गेलो.
चौथ्यांदा निम्म्या वाटेत आठ वाजले.
टीव्ही गेला, पंखा हळूहळू गेला,
आणि संपदानं मोबाईलच्या उजेडात
दूधवाल्याच्या खाड्यांच्या खाली लिहिलं:
फेब्रुवारी, सहा हजार, कंदील.

इम्तियाजला फोन लावला. "पोचलास काय पुलावर?"
"सांगू नको. मी अजून विहिरीतच हाय."
"एवढंच विचार की..."
"लका, ठेव फोन."

नऊपर्यंत मी दाढी केली, पाणी भरलं,
कुणाला सांगता येत नाही असं एक घेऊन
जिन्यात दोनदा खालीवर केलं.
बोट मात्र खिशात दाबत होतं, अडत होतं, जात होतं.

सव्वानऊला फोन वाजला.
हॅलो नाही, काही नाही, नुसता गांधीनगरातनं आरडा:
"उजव्या हातात! आयला, त्याच्या उजव्या हातात!"